आक्काच्या वाट्याचं

भोकरदन,
१६ फेब्रुवारी

तातेराव,

आशीर्वाद आहेतच. ते हक्कसोडपत्रात मोडत नाहीत.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हल्ली कोण काय रेकॉर्ड करून ठेवील सांगता येत नाही. म्हणून पत्र. रजिस्टर केलं आहे, तेव्हा पोस्टमनपुढे सही करावी लागेल. बहिणीची सही घेण्याची तुला हौस आहे, आता एक देऊन बघ.

काल दुपारी आपला चुलतभाऊ बद्रीनाथ आला होता. लेकीला भेटायला भोकरदनला आला, तसा माझ्या दारात थांबला आणि पिशवीतून एक गाठोडं काढून ओट्यावर ठेवलं. चहा घेतला, दुसरा मागून घेतला, आणि चपला पायात सारता सारता तुझा निरोप सांगितला.

"तातेरावनं दिलंय. आक्काच्या वाट्याचं हाय म्हण, म्हणाला."

मी विचारलं, आणखी काय म्हणाला? तर म्हणे, आणखी काही नाही, तो कुठं बोलतो.

गाठोडं मी यांच्यासमोर सोडलं, साक्षीदार असावा म्हणून. आत चिंध्यांच्या पुरचुंड्या, राखेत घोळलेलं बी. दोडका, गवार, भेंडी, कारलं आणि वाळूक. सगळं मिळून पसाभर.

म्हणजे बापूंच्या जमिनीतला माझा वाटा हा. पसाभर बी.

क्रमाने मांडते, सवय आहे. बापू गेले त्याला दोन पावसाळे झाले. तेराव्याच्या जेवणानंतर तू माझ्यापुढे साडी ठेवलीस आणि साडीच्या घडीत हक्कसोडपत्र. "सही कर आक्का, माहेर कुठं पळून जातंय," म्हणालास. म्हणजे सही केली नाही तर पळून जाईल, हे मला तिथेच कळलं. मी सही केली नाही. साडीही नेली नाही. लेकीला लेकाइतका वाटा आहे हे गावोगावच्या सभांत जी सांगत फिरते, तिने घरच्या ओसरीवर मान खाली घालून अंगठा उमटवावा, एवढी मी अजून वाकलेली नाही. पुढे या जानेवारीत परतूरच्या सभेत मी हेच उदाहरण दिलं. नाव घेतलं नव्हतं. तरी तुझी उषाबाई तिसऱ्या रांगेतून उठून गेली, ते मी व्यासपीठावरून पाहिलं. संक्रांतीला तुमच्याकडून तिळगूळ आला नाही. आणि आता महाशिवरात्रीच्या तोंडावर बी येतं.

मी कारण विचारते. भेटीला येणाऱ्याच्या बगलेत काय आहे ते आधी पाहावं, हे मराठी पोरं चौथीत शिकतात. बळीच्या दारात उभा राहिलेला बटूसुद्धा फार काही मागत नव्हता.

आणखी एक. पुरचुंड्या बापूंच्या धोतराच्या आहेत. काठ मी ओळखला. चिंधी फाडतानाही तू डोकं चालवलंस.

बी परत पाठवते आहे. या पत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे.

नंदाताई


भोकरदन,
२७ फेब्रुवारी

तातेराव,

बी तुला पोचलं नसेल. पाठवलेलं नाही. बद्रीनाथच्या लेकीच्या घराला कुलूप होतं आणि एसटीच्या कंडक्टरवर माझा भरवसा नाही. यावरून दुसरा कुठलाही अर्थ काढू नकोस.

मधल्या काळात मला एक शंका आली. टोमणा मारायचा तर माणूस पुरता मारतो. पाठवलेलं बी भाजलेलं असलं तर? मी हौसेनं परसात लावावं, पाणी घालावं, महिनाभर मातीकडे बघत बसावं आणि काहीच उगवू नये, म्हणजे गावात हसायला विषय. तेव्हा केवळ तपासणी म्हणून मी प्रत्येक पुरचुंडीतलं चिमूटभर बी भिजवलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवलं.

यांनी विचारलं, हे काय चाललंय. म्हटलं, उगवणशक्ती तपासते आहे. हे म्हणाले, "कोणाची?" तुला माहीत आहे यांचा स्वभाव. चाळीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत बसून आलेत, एका शब्दात काम उरकतात.

सगळ्याला मोड आले. भेंडीला तर दुसऱ्याच दिवशी. वाळकाचे मोड असे पांढरेशुभ्र आणि ताठ, की फडकं उलगडल्यावर मला बापूंची आठवण आली. वाळकाचं बूड कापून, मीठ लावून, चाकूवरच तोंडात घालायचे. पहिली फोड मात्र "घे, बेबी" म्हणत माझ्यापुढे धरायचे. पण हा या पत्राचा विषय नाही.

विषय असा की आता माझी शंका वाढली आहे. एवढं खणखणीत बी कोणी उगाच देत नाही. बाजारात अशा बियाच्या चकचकीत पुडीला काय भाव पडतो, हे मी इथल्या दुकानात विचारून आले. तू ते वर्षभर राखलंस, निवडलंस, राखेत घोळलंस, आणि गावात कोणाला न देता माझ्याकडे धाडलंस. का?

परवा मी मोबाईलवर आपला सातबारा काढून पाहिला. तू माझं नाव कमी करून टाकलं असशील अशी माझी खात्री होती. नाव आहे. तुझ्या नावाखाली, जसं बापूंच्या मागे लागलं तसंच. यावर हे म्हणाले, बघ, उगाच संशय घेतेस. मी म्हटलं, तुम्ही कचेरीत बसून काय शिकलात? नाव आहे, याचाच अर्थ सही अजून हवी आहे.

मोड आलेलं बी फेकणं मला जमत नाही. ते कुठेतरी मातीत टेकवावं लागेल. पाठवणाऱ्याशी त्याचा संबंध नाही.

नंदाताई


भोकरदन,
१९ मार्च

तातेराव,

हे पत्र म्हणजे खुलासा आहे. जपून ठेव, पुढे लागेल.

होळीच्या दिवशी बद्रीनाथ पुन्हा आला. या माणसाची लेक भोकरदनला दिलीय की माझ्यावर नजर ठेवायला, असा प्रश्न मला पडायला लागला आहे. तो सरळ मागच्या परसात गेला, वाफ्यांपुढे उभा राहिला आणि खिशातून मोबाईल काढून फोटो घेतले. मी विचारलं, फोटो कशाला? तर म्हणे, "तातेरावला दावतो. आक्कानं बी लावलं म्हंजी घेतलं म्हणायचं."

घेतलं म्हणायचं. शब्द नीट बघ. हे बद्रीनाथच्या डोक्यातून निघालेलं वाक्य नाही.

म्हणून लेखी सांगते. माझ्या परसात दोडक्याचा वेल चढला आहे. तो वेल आहे, माझी संमती नव्हे. तू दिलेलं बी मी पेरलं याचा अर्थ तू दिलेला वाटा मी स्वीकारला आणि उरलेला सोडला, असा कोणीही लावू नये.

आता वाफ्यांविषयी, तू विचारलं नसलंस तरी. मोरीचं पाणी पूर्वी नालीत जायचं, ते यांच्याकडून चर काढून परसात वळवलं. वर शेणखत घातलं. वेलांसाठी आळी केली. मांडवाला ओळखीच्यांच्या शेतातून तुराट्या आणल्या. मी पुस्तकं वाचून परसबाग करते, असं तू म्हणशील. म्हण. गवार दाट पेरली गेली, ती विरळ करावी लागली. कारल्याला मावा पडला तेव्हा मी पुस्तक बंद करून आईसारखी सकाळच्या दवात राख भुरभुरली. सध्या कारलं बरं आहे.

शेजारच्या गोजरबाई भिंतीवरून रोज डोकावतात. एकदा म्हणाल्या, "नंदाताई, माहेरचं बी हाय का?"

मी म्हटलं, नाही, बाजारातलं.

"मंग बाजारवाले आता धोतरात बांधून देऊन राह्यलेत का?"

चिंध्या धुऊन मी दोरीवर वाळत घातल्या होत्या. या बाईची नजर कोर्टात उपयोगी पडेल.

त्या भिंतीआड गेल्या. मी मांडवाखाली जाऊन बसले. माझी सभा पंचक्रोशीत गाजते, आणि शेजारणीला मी 'हो, माहेरचं' एवढे दोन शब्द बोलू शकले नाही. कारण हो म्हटलं असतं तर त्या पुढचं विचारत्या, की कधी जाणार माहेरी. खरं सांगायचं तर सभेत बायका मला शेवटी हेच विचारतात. ताई, वाटा मागितला तर माहेर तुटतं, त्याचं काय करायचं? मी म्हणते, कायदा तुमच्या बाजूला आहे. त्या मान डोलावतात आणि घरी जाऊन सही करतात.

फोटो पुसून टाक.

नंदाताई


भोकरदन,
१४ एप्रिल

तातेराव,

पाडव्याला तुझा फोन आला नाही, त्याचं मला काही नाही. मी या वेळी लिहिते आहे ती वेगळ्या कारणासाठी.

काल बद्रीनाथचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलला आणि सहज असल्यासारखं म्हणाला, "तातेरावनं विहिरीच्या अंगाला तारेचं कुंपण घातलंय. चांगला तुकडा धरलाय बराबर."

आता कळलं. फेब्रुवारीत बी, मार्चमध्ये फोटो, एप्रिलमध्ये तार. आक्का तिकडे भेंड्यांना पाणी घालत बसली आहे तोवर इकडे विहिरीजवळचा काळा तुकडा वेगळा काढायचा, आणि मग तो कोणाच्या घशात घालायचा ते तूच जाणोस. रस्ता जवळ आहे, पाणी जवळ आहे. गिऱ्हाईक कोण आहे? बद्रीनाथला विचारलं तर तो हसला. तो नेहमीच हसतो, पण काल मला ते हसणं आवडलं नाही.

जमीन सामाईक आहे. माझ्या संमतीशिवाय तू तिच्यात एक खुंटीही ठोकू शकत नाहीस. मी सरकारी मोजणीसाठी अर्ज केला आहे. तुला नोटीस येईल. यांनी अडवून पाहिलं. म्हणाले, आधी एकदा जाऊन बघ तरी. मी म्हटलं, बघायलाच निघाले आहे. न सांगता जाणार आहे, म्हणजे जे असेल ते उघड्यावर दिसेल. सरकारनं बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलंय, भावाला मात्र अर्धा वाटा जड जातो, हे वाक्य मी पुढच्या सभेसाठी लिहून ठेवलं आहे.

तुला हे पत्र मिळेल तेव्हा मी येऊन गेलेली असेन.

परसात पहिलं वाळूक धरलं आहे. बोटाएवढं आहे. ते मी तोडलेलं नाही.

नंदाताई


भोकरदन,
२८ एप्रिल

तातेराव,

शनिवारी मी तुझ्या शेतातून न बोलता उठून आले. तू समजला असशील, आक्का रागावली. म्हणून तिथे काय झालं ते लिहिते. त्यातलं अर्धं तुला माहीत नाही, कारण तू नंतर आलास.

मी गावात न जाता फाट्यावरच उतरले. शेताच्या वाटेने येऊन बांधावरच्या लिंबाआड उभी राहिले. हो, लपले. माझ्या वयाच्या, कमरेला पदर घट्ट खोचलेल्या बाईने लिंबाच्या खोडामागे उभं राहावं हे शोभत नाही. पण मला पुरावा हवा होता.

कुंपण दिसलं. विहिरीला लागून, सोलापुरी चादर अंथरावी तसा चौकोनी तुकडा, चारी बाजूंनी तार. गिऱ्हाईक दिसलं नाही, प्लॉटचे दगड दिसले नाहीत. आत भेंडी होती, मिरची होती, कोथिंबिरीचे वाफे, आणि एका बाजूला वाळकाचे वेल. माझ्याच परसातले वाफे कोणीतरी उचलून मोठे करून ठेवावेत, तसं. दोडक्याचा मांडवही तसाच, तुराट्यांचा.

उषाबाई पाणी वळवत होती. शेजारच्या शेतातल्या गिरिजाबाई तारेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "उषे, दोन वाळकं घेते गं."

"त्यातली नको. ती आक्काच्या वाट्याची हायेत. हिकडची घे."

गिरिजाबाई कमरेवर हात ठेवून हसल्या. "नणंदेनं भर सभेत तुमची काढली, अन् तू तिची वाळकं राखून राह्यली. येडी का खुळी?"

आता यापुढचं नीट वाच, कारण तुझ्या बायकोने हे तुला सांगितलं नसणार. ती खाली वाकलेलीच होती. वर न बघता म्हणाली, "त्यांनी काढली ते खरंच होतं की. साडीत कागद ठेवला होताच आम्ही. पण सभा झाली तवर हे पेरून झालं होतं. तेवढं त्यांला ठावूक नव्हतं."

"मंग सांगायचं की."

"सांगतो, सांगतो म्हणत ह्यांचा दसरा गेला, दिवाळी गेली. सभेत मला वाटलं, उभं राहून सांगावं. पण तिथं माइक त्यांच्याकडं होता."

मी लिंबाआडून बाहेर आले तेव्हा मला बघून तिने एवढंच केलं की तारेचं फाटक उघडलं. "या आक्का, जल्दी या, ऊन लई हाय." जसं काही मी रोजच त्या झाडामागून येते.

मग तू आलास. डोक्यावरचा भारा टाकलास, टॉवेलने तोंड पुसलंस. मी विचारलं, वाट्याचं म्हणजे काय रे? आणि तू माझ्याकडे असा बघत राहिलास, जणू मी मराठी विसरले आहे.

"तुझ्या वाट्यात पिकलेलं. दुसरं काय असतंय?"

तातेराव, मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. षष्ठी विभक्ती किती तऱ्हांनी वागते, ते फळ्यावर उदाहरणं लिहून पोरांच्या डोक्यात घातलं. रामाचा बाण म्हणजे रामाने सोडलेला की रामाला लागलेला, हे मागचंपुढचं बघितल्याशिवाय ठरवू नका, असं सांगत आले. आणि तुझा दोन शब्दांचा निरोप आला तेव्हा मागचंपुढचं न बघता मी ठरवून टाकलं की हा बाण मलाच मारलेला आहे. तू म्हणत होतास, हे तुझ्या वाट्यातलं पीक आहे. मी ऐकलं, हाच तुझा वाटा आहे.

तरी मी विचारलं, मग सरळ सांगितलं का नाहीस? एका फोनचं काम होतं.

"आक्का, तुझ्यापुढं बोलायचं म्हंजी माइक लागतो."

उषा हसली. मला हसू आलं नाही. मग तू टॉवेलची घडी घातलीस आणि म्हणालास, वाटणीच्या कागदाचं अजून माझ्याच्यानं झालं न्हाई. मी आजवर सारं रान माझंच म्हणून कसत आलो. आता थोडं थोडं सोडून राह्यलो. गाव हासतं, बहिणीला वाटा काढून देऊन राह्यला म्हणतं. हासू दे म्हणलं. पण हाताला सवय व्हायला टाइम लागतो.

यावर मी काही बोलायला हवं होतं. व्यासपीठावर मला वेळ संपल्याची चिठ्ठी दोनदा द्यावी लागते. तुझ्या बांधावर मला कोणी चिठ्ठी दिली नव्हती, तरी शब्द आला नाही. उषाने वाळूक कापून बूड काढलं, मीठ लावलं आणि चाकूवरच माझ्यापुढे धरलं. ते खाल्लं आणि बससाठी उठले.

आता ते झालं. शब्द परत आले आहेत, तेव्हा ऐक.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. साडीत कागद होता. उषाने स्वतः मान्य केलं. निरोपाचा अर्थ मी चुकीचा लावला, एवढंच. आणि त्या तुकड्याबद्दल माझ्या शंका अजून आहेत. पहिली, तो अर्धा नाही, अर्ध्याच्या जवळपासही नाही. तू मला वाफा दिलास, मी वाटा मागते आहे. दुसरी, तू विहिरीजवळची सगळ्यात चांगली जागा दिलीस. चांगली जागा देणाऱ्याला उद्या वाईट जागा उरली म्हणून रडता येतं. तिसरी, कुंपणाचे खांब. निघताना मी एक हलवून पाहिला. तो नुसता मातीत ठोकलेला आहे, चांगला हलतो. ज्याला वाटा पक्का द्यायचा आहे तो खांब सिमेंटात घालतो. कच्चे खांब कोण घालतं, तर ज्याला ते एखाद्या दिवशी उपटायचे असतात.

मोजणीचा अर्ज मी मागे घेतलेला नाही. घेणारही नाही.

उषाला सांग, सभेत तिला माइक मिळेल. मी देईन. तिला वाटेल ते तिने बोलावं, माझ्या विरुद्ध बोलली तरी.

आक्का


भोकरदन,
४ जून

तातेराव,

मोजणीची तारीख आली. मला आली म्हणजे तुलाही आली असेल. मृग बरसायच्या आधी उरकतील असं दिसतं, म्हणजे पेरणी अडायची नाही. मी आदल्या दिवशी येईन. मुक्कामाला येईन. माहेर असेल तर राहीन, नसेल तर फाट्यावरच्या हॉटेलात बसेन, असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले, "फाट्यावर हॉटेल न्हाई." कचेरीतली माणसं भावना समजत नाहीत, पण माहिती पक्की देतात.

बद्रीनाथ काल येऊन गेला. या वेळी मीच त्याला चहा दोनदा विचारला. मग खांबांचं काढलं. म्हटलं, तातेरावने खांब कच्चे का ठोकलेत, खरं सांग. तो आधी हसला. मग म्हणाला, "मीबी तेच म्हणलं होतं त्याला. सिमेंट घाल, डुकरं पाडतील. तर म्हणे, सिमेंट कशाला, सरकवायचे हायेत. पैल्या साली मांडवापुरते होते. औंदा हिरीपतुर आणलेत. फुडच्या साली लिंबापतुर नेतो म्हणे."

मी त्याला पुन्हा विचारलं, आत सरकवायचे की बाहेर? त्याने माझ्याकडे अशी दया आल्यासारखी नजर टाकली, की मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

तर तातेराव, दर साली खांब पुढे नेत नेत तू कधीतरी अर्ध्यावर पोचणार, आणि तोवर मी सत्तरीची होणार. हे मला मान्य नाही. हक्क म्हणजे हप्ता नव्हे. मोजणीच्या दिवशी जिथे अर्ध्यावर रेघ पडेल तिथे खांब जातील, एकदाच. पण ते गड्याकडून उपटून घेऊ नकोस. एका बाजूने तू धर, एका बाजूने मी धरते. बापूंचं रान आपण दोघांनी मिळून तोडायचं आहे, तर हात दोघांचे लागले पाहिजेत. नंतर सिमेंट घालू. विहीर सामाईक ठेवू, कागदावर तसं लिहू. मोजणीच्या साहेबांवर माझी नजर असेल. तुझ्यावरही असेल. ती सवय या जन्मी जायची नाही, तू तुझ्या हाताचं म्हणालास तसंच हे.

वाटणीपत्राचा मसुदा मी लिहिला आहे. तू वाच, दुसऱ्याकडूनही वाचून घे. साडीच्या घडीत घालून आणणार नाही. साधा हातात देईन.

परसात दोडके भरपूर झाले, गोजरबाईंना रोज देते. परवा त्यांनी पुन्हा विचारलं, बी कुठलं. मी सांगितलं, आष्टीचं, माझ्या माहेरचं. त्या म्हणाल्या, "ते तर धोतर बघूनच कळलं होतं."

ते पहिलं वाळूक मी शेवटपर्यंत वेलावरच राहू दिलं. पिवळं झालं, फुटायला आलं, मग उतरवलं. बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून त्याच चिंधीत बांधलं आहे. तुझ्याकडे वाळकाचं बी पोत्याने असेल, हे मला ठाऊक आहे. तरी पाठवते.

पुरचुंडी बद्रीनाथजवळ दिली आहे. निरोपही दिला आहे. तो चपला घालता घालता सांगेल, तातेरावच्या वाट्याचं हाय म्हणून. त्याचा अर्थ काय, ते आता तू बस शोधत.

बेबी